ठमी स्वप्नात पळाली

बाळाच्या आईस, ठमीच्या बाबांकडून खूप खूप माया.

ठमी बरी आहे. जेवते, माझ्यावर डाफरतेसुद्धा. नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीची आता तक्रार करत नाही. बाळ रात्री झोपू देतं का गं तुला?

आज दुपारी खिडकीबाहेर इतकं धुकं होतं, की सगळा वॉर्ड ढगात तरंगतोय असं वाटलं. माझा डोळा लागला. ठमीने हलवून उठवलं. "बाबा, मी स्वप्नात खूप पळाले, आणि दमच लागला नाही!" मी नुसते तिचे केस कुरवाळत राहिलो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, फुप्फुसाचा जो भाग कडक झालाय तो परत मऊ व्हायचा नाही. पण नव्या औषधाने उरलेला जपता येईल. लवकरच घरी सोडतील, नळी मात्र सोबत असेल. तू रडू नकोस. तुझ्या वाटचंही मी इथे जिन्यात रडून घेतलंय.

ठमीने बाईंना एकच विचारलं, "मी बाळाला घेऊ शकेन?"

"बसून, मांडीवर घे की!" त्या म्हणाल्या.

तेव्हापासून ती उशी मांडीवर घेऊन थोपटत होती. आता थोपटता थोपटता स्वतःच झोपलीय. हात अजून उशीवरच आहे.

तुझाच,
ठमीचे बाबा