कापराचा थर

ती. चंपतमामा,

भूमिकाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेने मामींचा खोकला वाढला की उतरला, हे विचारायचे आहेच. पण आधी एक प्रश्न, ज्याचे उत्तर मला सुचत नाही. उद्या सरांनी विचारले, की हा थर आला कुठून, तर मी काय सांगू?

थर म्हणजे काय ते पुन्हा सांगते (मागे सांगितले तेव्हा तुम्ही मान डोलावलीत, पण नजर यंत्राच्या दिव्यावर होती). ताकाचा पेला रिकामा केला तरी काचेला पांढुरके काही धरून राहते ना, तसे पॉलिमरचे लांबच लांब रेणू पाण्यातून येऊन सिलिकॉनच्या चकचकीत पट्टीला चिकटतात. हा थर डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळत नाही. म्हणून पट्टीवर लेझरचा किरण सोडायचा आणि परत आलेला प्रकाश किती बदलला त्यावरून थराची जाडी काढायची. एवढेच माझे काम. (बाबा कळमन्याच्या धान्यबाजारात तोलारी, पोती तोलणारे, त्यांचा अजून एकच प्रश्न, "पण तो भरते किती?")

तर खंडेनवमीला तुम्ही प्रयोगशाळेत आलात. घरातून इथपर्यंत आलेले तुम्ही पहिले, मला आनंदच झाला होता. पण तुम्हाला तुमचे वीजकेंद्रातले टर्बाइन आठवले. "आमचं एवढं मोठं धूड दरसाल कुंकू लावून घेते, अन् तुह्या मशीनले साधी अगरबत्ती नाही? मंग रुसणार नाही तं काय वं!" मग नारळ (तो बाहेर फोडलात, उपकार झाले), तुपाचे निरांजन आणि कापूर. यंत्राला ओवाळून झाल्यावर तुम्ही पट्ट्यांचा डबा उघडलात. "ह्या बी लेकरंच आहेत." एकेक पट्टी ओवाळलीत. ताट मी धरले होते.

दुसऱ्या दिवसापासून यंत्र असे चालले की विचारू नका. थर अपेक्षेच्या तिप्पट! सर खुर्चीवरून उठले. हैदराबादच्या परिषदेला निबंध गेला, त्यात माझे नाव सरांच्याही आधी. माझी शिष्यवृत्ती पुढे चालू राहणार ती याच निबंधावर. तुम्ही फोनवर एवढेच म्हणालात, "पाह्यलं?"

मग मनाला शंका नको म्हणून मी नुसते पाणी सोडून पाहिले, पॉलिमरचा कणही नसलेले. थर तेवढाच. नवा डबा फोडून त्यातल्या पट्टीवर पाणी सोडले, तर काहीच नाही. मामा, इतके दिवस मी तूप आणि कापूर मोजत होते. इतक्या काटेकोरपणे प्रसाद कुणी मोजला नसेल.

गप्प बसले तर कुणाला कळणारही नाही. पण कुठल्या तरी गावात माझ्यासारखीच एखादी मुलगी स्वच्छ पट्टी घेऊन आमचा तिप्पट थर शोधत बसेल, आणि आपलेच चुकते म्हणून रडेल. सांगितले तर सरांची मान खाली, शिष्यवृत्ती गेलीच समजा. शिवाय "मामांनी केले" म्हणावे, तर तुम्ही ते माझ्यासाठी केले होते. "आपोआप झाले" म्हणावे, तर ते खोटे.

मामींना नमस्कार.

तुमची,
भूमिका

ता. क. रागावू नका. पुढच्या वर्षीही या. फक्त दार लावून बाहेरून ओवाळू.

ता. क. २. पत्र आज घाईने धाडते ते खरे तर यासाठीच. त्या दिवशी तुम्ही एक पट्टी प्रसाद म्हणून नेलीत आणि देवांच्या मागे उभी केलीत, असे मामी सांगत होत्या. रोजच्या धुपाने तिच्यावर चांगलाच थर चढला असेल. ती मला हवी आहे. पुसू नका, मामींना तर फडके घेऊन जवळही जाऊ देऊ नका. डब्यात उभी ठेवून, मांडीवर धरून बसने आणा. सरांना ती मोजायची आहे.

ता. क. ३. हो, सरांनाच. वरचे "उद्या" काल लिहिलेले आहे. आज सकाळी जाऊन सगळे सांगितले आणि निबंध मागे घेतल्याचे परिषदेला कळवूनही टाकले. शिष्यवृत्तीचे काय होईल ते अजून ठरायचे आहे. सगळे ऐकून सरांनी आधी विचारले, की पूजा कोणी केली?

मी म्हटले, "आम्ही."