साडेतीन गुणांचं दुखणं

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन, म्हणजे दोन्ही गुडघे, सध्या रजेवर आहेत. तेव्हा उरलेल्या सहांवर भागवून घे.) तुझं पत्र पोचलं. तुझी तब्येत ठणठणीत आहे हे वाचून आनंद झाला. त्यावर विश्वास का बसला नाही, ते पुढे येईलच. इकडे सगळं क्षेम. तुझी भावजय विशेष खुशीत आहे, कारण हल्ली मी रोज सकाळी दीड तास घराबाहेर असतो. तू विचारलंयस, "दोन वर्षं झाली, नातवाच्या वाढदिवसालाही आला नाहीस, बाबांचं भिंतीवरचं घड्याळ मी ठेवून घेतलं म्हणून अजून धुसफुसतोयस का?" (तूही इकडे फिरकली नाहीस, पण तू मोठी, तुला विचारायची माझी टाप नाही.) तुझा हा प्रश्न अवघड आहे, म्हणून तो शेवटी सोडवीन. चाळीस वर्षं मुलांना हेच सांगत आलो, की येतं ते आधी लिहा.

तर आधी येतं ते. आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे. त्याच्या मागच्या हॉलमध्ये गेले चार महिने दुखणेकऱ्यांचा वर्ग भरतो. कुणाची कंबर, कुणाची मान, कुणाचा खांदा. चालवतात एक फिजिओथेरपिस्ट बाई, वय सव्वीस, आवाज मात्र थेट हेडमास्तरांचा. तीन महिन्यांपूर्वी तुझ्या भावजयीने माझं नाव परस्पर घातलं आणि वर्तमानपत्र वाचायला चला, असं म्हणून मला तिथे नेऊन सोडलं. (शाळेच्या पहिल्या दिवशी पोरांना असंच फसवून आणतात. तेव्हा मी फाटकाच्या आतल्या बाजूला असायचो, म्हणून हसू यायचं.) दारातच बाईंनी माझ्या हातात एक कागद ठेवला. त्यावर शून्य ते दहा आकडे ओळीने मांडलेले आणि खाली प्रश्न: आज दुखणं किती आहे?

ताई, तू मला ओळखतेस. भाषेच्या मास्तराला दहापैकी किती असं विचारलं की त्याचा हात आपोआप आखडतो. अख्ख्या नोकरीत मी निबंधाला साडेसहाच्या वर एकदाही गेलो नाही. (ते साडेसहा मिळवणारी मुलगी पुढे न्यायाधीश झाली. अजून रस्त्यात भेटली की उरलेल्या साडेतीनांचं काय झालं ते विचारते.) दहा म्हणजे परिपूर्ण, ज्यापुढे काही उरलंच नाही. माझ्या गुडघ्यांच्या दुखण्यात असं काय होतं? सुरुवात जोरदार, हे मान्य. मधला भाग पसरट. तेच तेच पुन्हा पुन्हा. आणि शेवटाचा पत्ताच नाही. मी मांडणीचे गुण कापले, पुनरुक्तीचे कापले आणि प्रामाणिकपणे साडेतीन लिहिले.

साडेतीन बघून बाईंचा चेहरा खुलला आणि त्यांनी मला जोमदार गटात टाकलं. त्या गटात कोण, तर अग्निशमन दलातून निवृत्त झालेला एक धिप्पाड गृहस्थ, पोहणं शिकवणाऱ्या एक बाई आणि मी. प्रत्येकाला एकेक रुंद निळा रबरी पट्टा मिळाला. त्याचं एक टोक घोट्याला बांधायचं, दुसरं कुठेतरी पक्कं अडकवायचं आणि पाय मागे ओढायचा. पक्कं म्हणून मी भिंतीशी असलेल्या कपाटाची कडी निवडली. (त्या कपाटात वाचनालयाने वक्तृत्व स्पर्धांत मिळवलेल्या ढाली ठेवतात, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.) पहिल्या ओढीला काही झालं नाही. दुसऱ्या ओढीला गुडघ्यातून अशी कळ आली, की ती चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी जरा जास्तच जोर लावला, आणि कपाट उघडलं. कडीतून सुटलेला पट्टा सणकन माझ्या पोटरीवर, मी पोहणाऱ्या बाईंच्या भल्यामोठ्या चेंडूवर, चेंडू खिडकीकडे, मी जमिनीवर, आणि मग माझ्या आजूबाजूला एक एक करत सतरा ढाली उतरल्या. इतकी बक्षिसं मला एका दिवसात कधी मिळाली नव्हती. बाई धावत आल्या आणि आता किती दुखतंय म्हणून विचारलं. मी नीट विचार करून चार म्हणालो.

मला उठवायला चार माणसं लागली. त्यांत कंबरेच्या गटातल्या, कोपऱ्यावर गाडी लावणाऱ्या फळवाल्या बाई होत्या. त्यांनी मला बाकावर बसवून ज्ञान दिलं, "अहो मास्तर, आकडा कसा, आधी चढाच सांगायचा. मी अकरा म्हणते, ही पोरगी सातावर आणते. दोघींचं समाधान!" शेजारी ट्रकच्या वजनकाट्यावर आयुष्य काढलेले एक गृहस्थ मानेला पट्टा घालून बसले होते. ते रोज सहा पूर्णांक पस्तीस शतांश असं लिहितात आणि खाली टीप देतात, की यातून पट्ट्याचं वजन वजा केलेलं आहे. बाईंनी आमचे तिघांचे कागद शेजारीशेजारी ठेवले आणि कपाळाला हात लावला. महिनाभर त्या असल्या आकड्यांवरून लोकांचे व्यायाम ठरवत होत्या.

दुसऱ्या दिवशी नियम बदलला. आकडा घरच्या माणसानेही सांगायचा, आणि दुखण्यामुळे काय करता येत नाही तेही लिहायचं. फळवाल्या बाईंच्या सुनेने पाच सांगितले, बाकीचे सहा धंद्याच्या सवयीचे निघाले. काटेवाल्यांची बायको म्हणाली, सहाच. पस्तीस शतांश ह्यांचे ह्यांनाच ठाऊक. तुझ्या भावजयीने पापणीही न लववता आठ सांगितले. मी हरकत घेतली, तर सगळ्यांच्या देखत म्हणाली, "सकाळी पलंगाची कड धरून उठताना ह्यांच्या तोंडून जो आवाज निघतो ना, तो मी ऐकते. हे ऐकत नाहीत." काय करता येत नाही, या रकान्यात मी 'विशेष काही नाही' असं वळणदार अक्षरात लिहिलं होतं. तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, ते खोडलं आणि वर लिहिलं: बहिणीच्या घराच्या चोपन्न पायऱ्या. मला फार लाज वाटली, ताई, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त बरं वाटलं.

तर हा तो अवघड प्रश्न. वाढदिवसाच्या दिवशी मी आलो होतो. तुझ्या जिन्यात आलो होतो. अकराव्या पायरीवर दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला. वरून पोरांचा दंगा ऐकू येत होता, तुझं हसूही. कठडा धरून पंधरा मिनिटं तसाच उभा राहिलो, मग एकेक पायरी खाली उतरलो आणि नातवासाठी आणलेल्या रंगपेटीसकट घरी आलो. दोन दिवसांनी तुझा निरोप आला की घड्याळावरून रागावलास वाटतं, आणि मी तो समज तसाच राहू दिला. रागावलेल्या भावाला घरात मान असतो गं. गुडघे दुखणाऱ्या भावाला लोक मलमाचं नाव सांगतात. पण माझ्या या मानापायी तू दोन वर्षं जिवाला लावून घेतलंस, ते माझं चुकलं.

आता मी सौम्य गटात आहे. वाचनालयाच्या दाराशी सहा पायऱ्या आहेत, त्या रोज चढतो-उतरतो. मोजायला फळवाल्या बाई उभ्या राहतात. (डझनावर दोन जास्त टाकायची त्यांची सवय, त्यामुळे रोज दोन पायऱ्या मला फुकट चढाव्या लागतात.) परवा सहा पायऱ्या सहा वेळा चढलो, मध्ये दोनदाच थांबलो. काटेवाल्यांनी उभ्या उभ्या नजरेने माझं वजन करून तीन किलो उतरल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी तुझी भावजय पाच म्हणाली आणि मी आपणहून सहा लिहिले. बाईंनी तो कागद हॉलच्या भिंतीवर लावला आहे.

घरात सगळ्यांना आशीर्वाद, आणि नातवाला सांग की रंगपेटी जपून ठेवली आहे.

तुझा,
न रागावलेला धाकटा

ता. क. घड्याळाचं अगदीच खोटं नाही. राग होता. दहापैकी दोन. त्या घड्याळाला किल्ली द्यायचं काम लहानपणी माझं होतं, एवढं तरी तुला आठवायला हवं होतं.

ता. क. २. पत्र लिहायचं कारण राहिलंच. मला अजून चोपन्न जमत नाहीत, छत्तीस जमतात. रविवारी सकाळी दहाला येतो. दुसऱ्या मजल्यावर जिन्यापाशी एक खुर्ची ठेवून दे. हातांची, टणक. तुझा तो मऊ सोफा नको, त्यातून उठणं हे जोमदार गटाचं काम आहे.

ता. क. ३. खुर्च्या दोन ठेव. काल भाचीचा फोन आला होता. म्हणाली, आई आठ महिन्यांत जिना उतरलेली नाही, भाजी गॅलरीतून टोपली सोडून वर घेते आणि शेजाऱ्यांना सांगते की मला बाई घर सोडवतच नाही. तिने तुझ्या गुडघ्यांना नऊ दिले आहेत. 'ठणठणीत' असं लिहिलेल्या तुझ्या पत्राला मी शून्य दिलं आहे. आता नीट वाच. भाचीला एक पायरी खाली उभी कर. कठडा सोडायचा नाही. उतरताना आधी दुखरा पाय खाली ठेवायचा (उजवा, हेही तिनेच सांगितलं), मग चांगला. घाई नाही. तू अठरा उतर, मी छत्तीस चढतो. घड्याळ वरच राहू दे, कुणाला किती वेळ लागला ते आपण बघायचं नाही.