हनुवटी किंचित खाली

५ मार्च
आजपासून रोज लिहिणार. कारण स्पष्टच लिहिते, म्हणजे पुढे घोळ नको. धाकट्या जावेने काढलेला दाताच्या डॉक्टरांचा फोटो चांगला आहे.
चांगला म्हणजे बरा. मागे फ्रिजचा कोपरा दिसतो. पण त्यात डॉक्टर माणूस दिसतात. गेल्या वर्षी मी काढलेल्या फोटोत ते फक्त दाताचे डॉक्टर दिसतात. मला फोटो स्टुडिओ चालवून एकतीस वर्षं झाली. तिला कॅमेरा घेऊन आठ महिने.
तिने तो फोटो नेटवर टाकला, तीनशे लोकांना आवडला. फ्रिज नीट पाहावा म्हणून मोठा करत होते, तर अंगठा लागला आणि तीनशे एकावी मी झाले.
मी कुणाला पाण्यात पाहणारी नव्हे. नोंद असावी म्हणून लिहिलं.

६ मार्च
हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांचा फोन. मेट्रन महिनाअखेर निवृत्त होणार. तिथल्या कॉरिडॉरमध्ये निवृत्त मेट्रनचे फोटो लावतात. आधीचे तिन्ही माझे. चौथ्याचं सांगायला फोन असणार असं वाटलं. ते म्हणाले, यंदा नमुने दोघींकडून घेऊ, निवड मेट्रनबाई करतील. दोघी म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं.
मेट्रन ही माझी कॉलेजच्या हॉस्टेलमधली रूममेट. तिथे दिवे बंद करायला लावण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून ती मला अजून हवालदार म्हणते. चाळीस वर्षांची मैत्री. काळजीचं कारण नाही.
तरी कला ताजी ठेवावी. ठराव : रोज सकाळी सहा ते साडेसहा प्रेरणा.

७ मार्च, सकाळी ६.४०
प्रेरणा आली नाही. दहा मिनिटं जास्त दिली.

९ मार्च
सराव म्हणून समोरच्या टेलरला बसवलं. नैसर्गिक हसायला सांगितलं. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा जरा आवाज चढवला. मग हसला.
लेक फोटो बघून म्हणाली, आई, तुझ्या फोटोतली सगळी माणसं सारखीच दिसतात गं, जणू त्यांच्या हातून कपबशी फुटलीये आणि तू समोर उभी आहेस. याला स्टाइल म्हणतात. तिचं कळायचं वय नाही. एकोणतीस आहे.
सकाळी प्रेरणा नाही.

११ मार्च
धाकटीकडे गेले. हेरगिरी नव्हे, अभ्यास. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिचा स्टुडिओ म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी आणि कपाटाच्या दारावर अडकवलेली चादर. चादरीला इस्त्री नाही.
म्हणाली, जाऊबाई, आलाच आहात तर बसा, तुमचा काढते. बसले. समोर बसल्याशिवाय दुसऱ्याच्या चुका कळत नाहीत. लाइट कुठला वापरतेस, विचारलं. म्हणाली, खिडकीचा. मग तू नेमकं करतेस काय? म्हणाली, काही नाही हो, गप्पा मारते, मग माणसं कॅमेऱ्याला विसरतात.
धंद्यातलं गुपित असं कुणी बोलून टाकतं का? अनुभव नसला की हे होतं.
माझा फोटो संध्याकाळी पाठवला. त्यात मी तिला इस्त्रीबद्दल सांगते आहे. चेहरा बरा आलाय. हात हलल्यामुळे बोटं अस्पष्ट. पुरावा म्हणून ठेवलाय. लेकीने मागितला, दिला नाही.

१२ मार्च
गप्पांचे प्रश्न काढले, दहा. पहिला प्रयोग पोस्टमनवर. प्रश्न एक : तब्येत कशी आहे? तो सांगायला लागला. बोलताना तोंड हलवू नका, असं सांगावं लागलं. प्रश्न दोनला त्याने उत्तरच दिलं नाही.
दोष प्रश्नांचा नाही. माझ्या स्टुडिओला धाकटीसारखी खिडकी नाही. हे जेवताना ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, अंगण वाकडं आहे म्हणतेस? संध्याकाळपर्यंत ह्यांच्याशी बोलले नाही.

१५ मार्च
मेट्रनचा माझा नमुना आज झाला. गुडघ्यांमुळे हळूहळू आली. दहाच्या दहा प्रश्न विचारले, उत्तरांसाठी मध्ये दोन-दोन सेकंद सोडून. मग हनुवटी किंचित खाली. हलू नकोस.
फोटो आरशासारखा स्वच्छ. भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा. तिने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, हवालदार, ह्या बाईकडून मी इंजेक्शन घेणार नाही बाई. मग तिचं तिलाच हसू आवरेना. खुर्चीचा हात धरून, डोळे पुसत हसली.
मी लेन्सला झाकण लावून ठेवलं होतं.

१८ मार्च
मेट्रनला तीन मजले चढवत नाहीत, म्हणून धाकटीने माझा स्टुडिओ मागितला. दिला. मन मोठं असावं. शिवाय देखरेख होते.
कोपऱ्यात उभी राहिले. एक शब्द बोलले नाही. फक्त एकदा, हनुवटी. आणि एकदा पदर. मेट्रन खांबासारखी ताठ बसलेली. धाकटी घामाघूम. मला बरं वाटलं, ते का ते लिहीत नाही.
शेवटी मेट्रनच म्हणाली, तू जरा बाहेर बस गं.
माझ्याच स्टुडिओच्या पायरीवर पंचावन्न मिनिटं. टेलरने विचारलं, आत काय चाललंय? म्हटलं, माझ्या सूचनेप्रमाणे चाललंय. आतून हसणं. दोनदा हवालदार ऐकू आलं.

२० मार्च
दोन्ही फोटो टेबलावर.
धाकटीच्या फोटोत केस एका बाजूने सुटलेत. डावा कान अंधारात. मेट्रन काहीतरी सांगण्याच्या बेतात आहे आणि सांगायच्या आधीच तिला हसू फुटलंय. हा चेहरा मला पाठ आहे. दिवे बंद करायला मी उठले की ती असंच तोंड करायची, आणि मग दोघी उशीत तोंड खुपसून हसायचो. एकतीस वर्षांत मी तिचे सहा फोटो काढले. त्यात हा चेहरा एकदाही आला नाही. आला असेल. मीच हलू नकोस म्हटलं असेल.
कान मात्र अंधारातच आहे.
कुठला निवडला ते सांगताना मेट्रनने माझं मनगट धरलं होतं. नाडी बघत असावी.

२१ मार्च
सहाला उठले नाही.

३१ मार्च, दुपारी ४.१०
हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांकडे सुपूर्द केलं : फोटो एक, बारा बाय पंधरा, प्रिंट माझ्याकडची. कानाला हात लावलेला नाही. फ्रेम एक, आधीच्या तीनसारखीच. नावाची पट्टी एक. वरच्या ओळीत मेट्रनचं नाव, खाली छायाचित्रकार म्हणून धाकटीचं. अक्षर माझं. तिचं अक्षर भिंतीवर लावण्यासारखं नाही.
पोच घेतली.