दोन चिमटी चहापाला

धाकट्या बा शिनला दादाचा आशीर्वाद.

निरोप मिळाला. उद्या कौन्सिलच्या निवडणुकीसाठी तू गावात 'आपल्या जुन्या बर्मी चालीरीती' यावर बोलणार, आणि मला मंचावर शेजारी बसवणार.

इरावतीकाठच्या बागेसाठी तू काकूवर दावा लावलास, तेव्हा ती मुरवलेल्या चहापाल्याचा डबा घेऊन आपल्या घरी आली होती. पाला माझ्याच दुकानचा. एका डब्यातलं खाल्लं की भांडण संपलं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. गप्पांच्या नादात तू दोन चिमटी तोंडात टाकल्यास.

काकू खुलली. "खाल्लास ना? मिटलं तर मग!"

तू हसलास. "काकू, मी बॅरिस्टर आहे. चहापाल्यावर दावे मिटत नसतात."

कोर्टात साहेबाने मला विचारलं, याने खाल्लं का? मी म्हणालो, लक्ष नव्हतं. गिऱ्हाइकाने चाखताना एक चिमूट जास्त उचलली तरी मला पाठमोरा असतानाही कळतं, आणि म्हणे लक्ष नव्हतं! बाग तुझी झाली.

तेव्हापासून लोक पाहुण्यांसाठी पाला माझ्याकडूनच नेतात. भांडण मिटवायचं असलं, की मात्र पलीकडच्या गावाहून आणतात.

आज सकाळी मीच डबा घेऊन काकूकडे गेलो. तिने झाकणावर हात ठेवला.

"आधी सांग, त्याने खाल्लं होतं?"

"दोन चिमटी."

"मला काय सांगतोस मेल्या, मी समोरच होते. गावाला सांग." डबा तिने उघडलाच नाही.

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. वाचलंस तर मला मंचावर बसवायचा नाहीस.

सभेला वेळेवर येतो.

तुझा दादा,
फो खाइंग