दोनच स्टुलं

रविवार, ९ मार्च, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. भाड्याच्या माइकची वायर पुसून गुंडाळली आणि लिहायला बसलो.

प्रिय दादा,

तू नोकरीसाठी परगावी गेल्यापासून तुझ्या जागी वहिनी गाते, हे तुला सांगायचं राहिलं. फोनवर तू विचारतोस, "सराव चालू आहे ना?" मी हो म्हणतो. ते खोटं नाही.

काल कॅफेत पहिला कार्यक्रम झाला. बोर्डावर जुनंच नाव होतं, 'दोघे भाऊ'. वहिनी स्टुलावर बसली तसं पुढच्या टेबलावरून कुणी विचारलं, "यातला मोठा कोण?" वहिनी माइकमध्ये म्हणाली, "मोठा कामावर गेलाय. मी बदलीवर आहे." सगळे हसले.

ओळ उचलायच्या वेळी तू गुडघ्याने ढोसतोस, त्याची मी वाट पाहत राहिलो. वहिनीला ते कुठलं माहीत? तिने एकटीनेच माझी वरच्या सुरातली ओळ उचलली, मग मला खालचा, तुझा सूर धरावा लागला. दादा, तो मला येत होता.

मालकाने पुढची तारीख दिली. तू रजेवर येतोस तोच शनिवार. घरी येताना वहिनी म्हणाली, "ते आले की मी आपली समोर बसून ऐकेन, भाऊजी."

स्टेजवर दोनच स्टुलं मावतात.

तू पाठवलेल्या पैशांतले तीनशे माइकच्या भाड्यात गेले, ते एक तारखेला फेडतो. मालकाला मात्र त्या शनिवारच्या बोर्डासाठी उद्याच दोन नावं हवी आहेत. पहिलं मी वहिनीचं लिहिलं. दुसरं अजून लिहिलेलं नाही.

तुझा,
धाकटा