लाखाला कमी पडलेल्या वाती

रावपुरा, बडोदे
शनिवार, ५ मे १९३४

प्रिय जिजाअक्का,

आबासाहेबांच्या ओसरीवर आपण दोघी वाती वळत बसायचो, आठवतं? बोटं दुधात बुडवून तू कापूस असा झरझर पिळायचीस की माझी एक होईतो तुझ्या चार व्हायच्या. “कुसुम, वाती वळतेस की शेवया?” म्हणून हसायचीस. तू बारा वर्षांची, मी नऊ. आईसाहेबांचा ताप उतरावा म्हणून आबासाहेब लक्षवातींचा नवस बोलले होते. शंभर-शंभराच्या जुड्या बांधायचं काम तुझं.

इथे ऊन फार आहे. माझं बरं चाललं आहे. लोक अजून मला पुण्यवान म्हणतात. संवत छप्पन्नच्या दुष्काळात पोरक्या मुली सांभाळल्या, प्लेगात आजाऱ्यांची उशा-पायथ्याशी बसून सेवा केली, हे गेल्यावर अनाथांसाठी झबली शिवत राहिले. अक्का, दर कामामागे मी मनात एक वात मोजत होते. पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकतानासुद्धा जपमाळेचे मणी ओढताना वातीच मोजल्या.

नवसाच्या वाती लावायच्या आदल्या दिवशी उपाध्यांनी जुड्या सोडल्या. कुठे सत्तर, कुठे साठ. आठव्या दिवशी आईसाहेब गेल्या. “या पोरीच्या हातानं घात केला,” आबासाहेब म्हणाले, आणि त्याच वर्षी तुला नवसारीच्या बिजवराला देऊन टाकलं. मला मात्र पुण्याला शिकायला पाठवलं. त्या उण्या जुड्या माझ्या होत्या. तू आईसाहेबांचं कपाळ चेपायला आत गेलीस की खेळायच्या घाईत मी साठा-सत्तरावरच गाठ मारायचे. आबासाहेब ओरडले तेव्हा तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि खाली बघत उभी राहिलीस. तुला कळलं होतं का, हे विचारायचं धैर्य मला चव्वेचाळीस वर्षांत झालं नाही.

मिशनच्या दवाखान्यातली अहल्या आया दुष्काळात माझ्याकडे वाढलेली. गेल्या पावसाळ्यात तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बेन, ख्रिस्ताशेजारी क्रुसावर टांगलेल्या चोरानं किती वाती वळल्या होत्या? नुसतं म्हणाला, माझी आठवण ठेव, आणि त्याला स्वर्ग मिळाला.” मी चिडले. इतकं सोपं असेल तर माझी एवढी वर्षं कुठे गेली? “तेच तर तुमच्याच्यानं सुटत नाही, बेन,” ती म्हणाली. महिनाभर तिच्याशी बोलले नाही. मग वाटलं, माझं ओझं दुसऱ्या कुणी निमूट उचलावं हे मला कुठे नवं होतं? एकदा ते तू उचललं होतंस. ख्रिस्तावर विश्वास ठेवला. मोजणं थांबलं. पुण्य साठवत होते तोवर हे लपवणं भाग होतं, आता नाही.

उद्या कॅम्पातल्या ख्रिस्ती देवळात माझा बाप्तिस्मा आहे. आज पुतण्याला, धनाजीरावांना, सांगितलं. “डोक्यावर ते पाणी पडलं की या उंबऱ्यात पाऊल नको, काकी,” म्हणाले. तुझंही दार कदाचित बंद होईल. पण बंद करायचं तर खरं कळल्यावर कर, म्हणून हे पत्र आजच टाकते. घर धनाजीरावांना. शिवणयंत्र अहल्येला. आईसाहेबांची नथ तुझी, ती माझी कधीच नव्हती. आणि पितळी डबाही तुलाच. कमी पडलेल्या भरून काढायला एवढी वर्षं वळलेल्या वाती त्यात आहेत. रोजच्या दिव्याला घाल. मोजू नकोस.

तुझीच, तुझ्या मागे लपलेली,
कुसुम