दिवाणखान्यातली आगबोट

बाबा, दिवाणखान्याच्या भिंतीवरचं ते पितळी पदक काल मी खाली काढलं. तळहाताएवढं, मधोमध तीन धुरांड्यांची आगबोट आणि कडेने तिच्या पहिल्या सफरीचा इंग्रजी मजकूर. तुमचे आजोबा याच आगबोटीने विलायतेला गेले, ही तुमची गोष्ट गंगापूर रोडवरच्या आपल्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने पोह्यांबरोबर ऐकली आहे. तुमचे आजोबा मनमाडच्या पुढे कधी गेले नव्हते. पदक आईच्या वडिलांचं. ते त्या आगबोटीच्या तळाशी बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे, आणि लेकीच्या लग्नात द्यायला त्यांच्याकडे तेवढी एकच देखणी वस्तू होती. सासरा खलाशी, हे तुमच्या बँकेत कळायला नको होतं. म्हणून तुम्ही पदक ठेवून घेतलंत आणि माणूस गाळलात. मला त्याची शिसारी येते, अजूनही.

शहाण्णवची खंडेनवमी. ज्याची त्याची हत्यारं पाटावर मांडलेली, आईची विळी, माझा कंपास, तुमचं पेन. मधोमध तुम्ही पदक ठेवलंय, घराण्याचं म्हणून. रत्नागिरीहून आलेले आजोबा, आईचे वडील, दाराजवळच्या स्टुलावर बसलेत, हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. तुम्ही तुमच्या साहेबांना गोष्ट सांगताय, अगदी डेकवरच्या वाऱ्यासकट. साहेब सहज आजोबांना विचारतात, तुम्ही पाहिलीत का हो अशी बोट?

"बघितलंय, पण आतनं," आजोबा म्हणतात. "वर कधी जायला मिळालं नाय."

तुम्ही घाईघाईने आईला चहासाठी आत पिटाळलंत. आजोबांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या. तुम्ही मात्र गोष्ट जिथे तुटली होती तिथूनच पुढे सुरू केलीत. इतका निगरगट्टपणा मी पुन्हा कुणात पाहिला नाही.

दहाएक वर्षांनी, तुमच्या तेराव्याला, तेच साहेब पदकापाशी थबकले आणि हे नेमकं कुणाचं म्हणाले. आजोबा तर केव्हाच गेले होते, पण निदान त्यांचं नाव तरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात आई पदर सावरत पुढे झाली.

"यांच्या आजोबांचं," ती म्हणाली. "विलायतेला गेले होते ते."

तिला कुणी भाग पाडलं नव्हतं. तुम्ही तर फोटोत होतात. बाबा, त्या क्षणी मला किळस आली ती तुमची नाही, तिची आली, आणि ती अजून गेलेली नाही. आई आत मटार सोलते आहे. पदक कुठे गेलं म्हणून दोनदा विचारून गेली. हे लिहिलेलं तिच्या हाती लागायला नको, म्हणून कागद फाडते आहे.